खाडीच्या पुळणीवर सेंद्रिय कार्बन जास्त तिथे प्राणी जास्त, हे खरं का?

खाजणवाट

कोकणातल्या खाड्यांच्या मुखाशी ज्या पुळणी असतात (भाट्ये, काळबादेवी, खाली गोव्यात मांडवी-झुवारीचे काठ) तिथल्या वाळूत आणि गाळात राहणाऱ्या प्राण्यांबद्दल हा धागा.

यावरचे अहवाल आणि प्रबंध उघडले की एक ठरलेला साचा दिसतो. पाच-सहा ठिकाणचा गाळ, त्यातला सेंद्रिय कार्बन टक्क्यांत, दर चौरस मीटरला प्राणी किती, आणि या दोन्हींचा सहसंबंध. गृहीत असं की कार्बन म्हणजे अन्न, आणि अन्न वाढलं की खाणारे वाढणार. प्रत्यक्षात सहसंबंध कधी धन, कधी ऋण, बऱ्याचदा शून्याच्या आसपास. मग शेवटी 'इतर घटक कारणीभूत असावेत' असं लिहून प्रकरण मिटवतात.

तर अन्नाचा पुरवठा खरंच या प्राण्यांची संख्या ठरवतो का? ठरवत असेल तर तो मोजायचा कसा? आणि कार्बनची टक्केवारी मोजण्यात काही अर्थ आहे का? जाणकारांनी लिहावं.

चाळणीवाली

'प्राणी' हा एकच आकडा धरला की गाडी तिथेच अडते. आधी खाण्याच्या पद्धतीवरून वेगळे करा.

पाणी गाळून खाणारे: तिसऱ्या, शिवल्या या शिंपा, बाहेरच्या अंगाला लाटांच्या पट्ट्यात डोनॅक्स शिंपा, आणि ती चपटी गुळगुळीत अंबोनियम गोगलगाय. यांचं अन्न पाण्यातून येतं. गाळात कार्बन अर्धा टक्का आहे की दोन टक्के, याच्याशी त्यांचं थेट देणंघेणं नाही.

गाळ खाणारे: यात पुन्हा दोन तऱ्हा. एक वरचा मिलिमीटरभर थर वेचणारे. स्पायोनिड पॉलिकीट (पॉलिकीट म्हणजे समुद्रातले वलयी किडे) दोन लांब स्पर्शकांनी वेचतात, टेलिनिड शिंपले लांब नळीने ओढतात, फिडलर खेकडे नांगीने उचलतात. दुसरे खोलातला गाळ सरसकट गिळणारे, उदा. कॅपिटेला हा किडा. हे रोज निदान स्वतःच्या वजनाइतका, बहुधा त्याच्या कित्येक पट गाळ आतड्यातून काढतात, कारण त्यात पचण्यासारखं फार थोडं असतं.

मग भक्षक: ग्लायसेरासारखे पॉलिकीट, नॅटिका गोगलगायी. शिंपल्यावर एकच गोल, कडा तासलेलं भोक दिसलं तर ते नॅटिकाचं काम.

यात मेख अशी की काही प्राणी दोन्हीकडे असतात. स्पायोनिड पाणी संथ असताना तळ वेचतात, प्रवाह वाढून कण उडायला लागले की तेच स्पर्शक गुंडाळून पाण्यात उभे धरतात. टॅगॉन, नॉवेल आणि जुमार्स यांनी १९८० मध्ये हे प्रयोगशाळेतल्या वाहत्या पाण्यात दाखवलं. त्यामुळे यादीत त्यांच्यापुढे एकच शिक्का मारू नका, 'दोन्ही' असा तिसरा रकाना ठेवा.

दहा तिसऱ्या आणि दोनशे कॅपिटेला मिळून २१० प्राणी, ही बेरीज कागदावरच बरोबर आहे.

मोदकप्रिय

आणि 'तिसऱ्या कुठे स्वस्त मिळतात' एवढंच विचारायला धागा उघडणारे आम्ही कोणत्या गटात?

चाळणीवाली

@मोदकप्रिय, भक्षक. तेही हंगामी.

गाळसाळ

कार्बनच्या टक्केवारीबद्दल. खाडीच्या गाळात सेंद्रिय कार्बन आणि चिखलाचं प्रमाण (६३ मायक्रॉनपेक्षा बारीक कण) जवळजवळ हातात हात घालून चालतात. कारण बरंचसं सेंद्रिय द्रव्य कणांच्या पृष्ठभागाला चिकटलेलं असतं, आणि बारीक कणांचा एकूण पृष्ठभाग प्रचंड. किनाऱ्यालगतच्या बऱ्याच गाळांत दर चौरस मीटर पृष्ठभागामागे साधारण अर्धा ते एक मिलिग्रॅम कार्बन सापडतो. म्हणजे कार्बन मोजता तेव्हा बऱ्याच अंशी तुम्ही कणांचा आकारच दुसऱ्या मार्गाने मोजताय. मग प्राण्यांशी सहसंबंध निघाला तरी तो अन्नाशी की चिखलाशी, हे कळायला मार्ग नाही.

दुसरं, हा कार्बन कुणाचा? कांदळवनाच्या गळलेल्या पानात कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर ५० च्या वर सहज असतं, शिवाय टॅनिन. पाण्यात तरंगणाऱ्या प्लवकांचं ६-७. टक्केवारीत दोन्ही सारखेच मोजले जातात, पण पॉलिकीटला पहिलं जवळपास निरुपयोगी, बुरशी-जिवाणूंनी कुजवून नायट्रोजन वाढवेपर्यंत. सेसार्मिड खेकडे पानं ओढून बिळात नेतात हे खरं, म्हणून खाडीतली सगळी खाद्यसाखळी कांदळवनावर चालते असं पूर्वी सरसकट लिहायचे. कार्बनच्या समस्थानिकांवरून (कमी-जास्त वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून) तसं दिसत नाही. कांदळवनाचं पान कार्बन-१३ च्या मापनात उणे २८ च्या आसपास, तळावरची सूक्ष्म शैवालं उणे १५ ते २०. पुळणीवरच्या बऱ्याच गाळ खाणाऱ्यांचे आकडे शैवालाकडे झुकतात.

निदान कार्बनसोबत नायट्रोजन मोजा. गुणोत्तर १० च्या आत आहे की २० च्या वर, एवढ्यानेही बरंच कळतं.

प्रयोगवही

+१. पण आपल्याकडे सीएन अनालायझर (कार्बन-नायट्रोजन मोजणारं यंत्र) सगळ्यांच्या हाताशी नसतो. डायक्रोमेटचं टायट्रेशनच करतात. ते करणाऱ्यांसाठी:

वॉकली-ब्लॅक पद्धतीत (१९३४) अर्धा ग्रॅम वाळलेला, कुटलेला गाळ, १० मिली एक नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेट, २० मिली संहत गंधकाम्ल, अर्धा तास थांबायचं, २०० मिली पाणी, मग फेरस अमोनियम सल्फेटने टायट्रेशन. ही मूळची शेतजमिनीसाठीची पद्धत. खाडीत तीन ठिकाणी दगा देते.

मीठ: क्लोराइडही डायक्रोमेट खातं आणि कार्बन खोटा वाढतो. एकतर आम्लात सिल्व्हर सल्फेट घाला, नाहीतर क्लोराइड वेगळं मोजून त्याच्या टक्केवारीचा बारावा हिस्सा वजा करा. मीठ काढायला गाळ धुवायचा मोह होतो, पण धुताना विरघळणारा सेंद्रिय भागही जातो.

काळा गाळ: त्यातलं फेरस लोह आणि सल्फाइडही डायक्रोमेट खातात. पातळ थरात पसरून हवेवर पूर्ण वाळवा.

गुणक: पूर्ण ऑक्सिडीकरण होत नाही म्हणून ७७ टक्के धरून १.३ ने गुणतात. गुणलं की नाही हे अहवालात लिहीतच नाहीत! वर काही जण १.७२४ ने गुणून 'सेंद्रिय द्रव्य' देतात. दोन अहवालांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी हे तपासा.

तापट

एवढा उपद्व्याप कशाला? भट्टीत ५५० अंशांवर चार तास जाळा, वजनातली घट म्हणजे सेंद्रिय द्रव्य. रसायनं नाहीत, टायट्रेशन नाही.

गाळसाळ

@तापट, युरोपातल्या क्वार्ट्झच्या वाळूत चालून जाईल. आपल्या खाड्यांत जांभ्याची माती येते. त्यातलं गोएथाइट हे खनिज ३०० अंशांच्या आसपास आपलं पाणी सोडतं, केओलिनाइट ही चिकणमाती ५०० च्या आसपास. शुद्ध केओलिनाइट तापवलं तर १४ टक्के वजन निव्वळ पाण्याचं जातं, सेंद्रिय कण एकही नसताना. चिखलाच्या ठिकाणी तुम्हाला 'सेंद्रिय' ८-१० टक्के दिसेल आणि त्यातलं निम्मं हे पाणी असू शकेल. शंख-शिंपल्यांच्या चुऱ्याची भीती मात्र ५५० ला नाही, तो कार्बोनेट त्याच्या बराच वर फुटतो.

तापट

जांभ्याचा मुद्दा मान्य. पण मग एकाच पुळणीवरच्या, एकाच पोताच्या वाळूंची आपसात तुलना करायला जाळून चालेल ना?

गाळसाळ

एकाच पोताच्या, तर चालेल. पण पोत सारखा असेल तर कार्बनही सारखाच निघणार, आणि तुलना करायला उरणार काय!

हिरवट थर

पुळणीवर अन्न शोधायचं तर वरच्या पाच मिलिमीटरमध्ये शोधा. ओहोटीला उन्हात बारीक वाळूवर जो सोनेरी-तपकिरी थर चढतो ना, ती डायटम शैवालं. गाळात उजेड दोन-तीन मिलिमीटरच जातो, त्यामुळे कारखाना तेवढ्यातच. पाणी ओसरलं की वर सरकतात, भरती यायच्या सुमारास खाली जातात.

मोजणी अशी. २० मिलीची सिरिंज घ्या, पुढचं नाक कापून नळी करा, आतला व्यास स्वतः मोजा (कंपनीगणिक फरक पडतो). वाळूत दाबा, दट्ट्या वर खेचत राहा म्हणजे थर दबत नाही. वरचे ५ मिमी कापून फॉइलमध्ये, लगेच बर्फात. एका जागी निदान पाच सिरिंज, कारण हातभर अंतरावर दुपटीचा फरक पडतो. प्रयोगशाळेत उणे २० ला. मग ९० टक्के अॅसिटोन १० मिली, अंधारात, फ्रिजमध्ये २४ तास, मधे दोनदा हलवून. सेंट्रिफ्यूज करून ६६५ आणि ७५० नॅनोमीटरला वाचन, नंतर हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून दीड मिनिटाने पुन्हा वाचन. आम्लाआधीच्या आणि नंतरच्या फरकावरून जिवंत क्लोरोफिल आणि मेलेलं फिओपिगमेंट वेगळं होतं.

चुका होतात त्या अशा. ओल्या गाळातलं पाणी अॅसिटोन पातळ करतं. एक ग्रॅम गाळात ३० टक्के पाणी असेल तर ९० चं ८७ टक्के होतं. अजून बिघडत नाही, पण चिखलात पाच ग्रॅम टाकलात तर नक्की बिघडेल. कोअरची (नळीत निघालेल्या गाळाच्या कांडीची) खोली न लिहिणं ही दुसरी: वरच्या २ मिमीचं आणि वरच्या २० मिमीचं क्लोरोफिल प्रतिग्रॅम काढलं तर दोन वेगळी जगं दिसतात. आणि वेळ! ओहोटीच्या तळाच्या तासभर अलीकडे-पलीकडेच घ्या. एक जागा सकाळी सातला आणि दुसरी साडेअकराला, असं केलंत तर शैवालाची ये-जा मोजून याल.

सुकटबोंबील

वाचनखूण साठवली. इतके दिवस तो तपकिरी थर म्हणजे सांडपाण्याचा मळ अशीच समजूत होती.

झुवारीकाठ

अन्न, अन्न चाललंय, पण आपल्या किनाऱ्यावर पहिला मालक पाऊस आहे. जून ते सप्टेंबर मांडवी-झुवारीत गोडं पाणी असं येतं की पृष्ठभागाची क्षारता वरच्या भागात शून्याला टेकते. लाटा पुळण खरवडून नेतात. पॉलिकीट, छोटे कवचधारी धडाधड कमी होतात. पावसानंतर पिल्लं बसतात आणि संख्या चढत जाते. या चक्रापुढे कार्बनचे दशांश काय बोलणार? दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या लोकांनी १९७० च्या दशकात या दोन नद्यांतल्या शिंपल्यांच्या पट्ट्यांवर काम केलं, त्यातही क्षारता हा मोठा धागा आहे. शिंपांपैकी विलोरिटा गोड्याकडे, मेरेट्रिक्स कास्टा मधे बरंच काही सोसणारी, पॅफिया मुखाकडे.

हिरवट थर

@झुवारीकाठ, क्षारता कोण जगेल ते ठरवते, यात वाद नाही. पण ऑक्टोबर ते मे क्षारता बऱ्यापैकी स्थिर असते. तेव्हा एकाच पुळणीवर वीस मीटरवर फरक दिसतो, तो कशाने?

शिवाय वाळूच्या आतलं पाणी वरच्या पाण्याइतकं झपाट्याने गोडं होत नाही. भरतीचं खारं पाणी कणांमध्ये अडकून राहतं, म्हणून १५ सेंटिमीटर खोल बसलेल्या प्राण्याला धक्का उशिरा आणि सौम्य बसतो. क्षारता मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरसाठी थेंब खड्ड्यात झिरपलेल्या पाण्याचा घ्या, वाहत्या पाण्याचा नको.

झुवारीकाठ

खड्ड्यातल्या पाण्याचं पटलं. वीस मीटरचा प्रश्नही रास्त आहे. पण मग एक पथ्य पाळा: नोव्हेंबरचे नमुने आणि जुलैचे नमुने एकाच आलेखात ओतून 'अन्नाचा परिणाम' काढू नका.

उलटा प्रवाह

वीस मीटरच्या फरकाला जुनं उत्तर आहे, आणि त्यावरचा जुना वादही.

हॉवर्ड सँडर्स यांनी १९५८ मध्ये अमेरिकेतल्या बझर्ड्स बे इथे दाखवलं की गाळून खाणारे वाळूत, गाळ खाणारे चिखलात. गाळून खाणाऱ्यांची गर्दी सुमारे ०.१८ मिमीच्या वाळूत. १९७० मध्ये र्‍होड्स आणि यंग यांनी कारण सुचवलं: गाळ खाणारे चिखल इतका ढवळतात की तो भुसभुशीत होतो, उडतो, गाळून खाणाऱ्यांच्या कल्ल्यांत अडकतो, त्यांची पिल्लं गाडली जातात. लेव्हिंटन यांनी १९७२ मध्ये म्हटलं की गाळ खाणाऱ्यांना अन्नाची मर्यादा असते, गाळून खाणाऱ्यांच्या अन्नात चढउतार फार.

मग १९९४ मध्ये स्नेलग्रोव्ह आणि बटमन यांनी सगळंच उकरलं. त्यांचं म्हणणं, कणांचा आकार हे कारण नाही. पाण्याचा प्रवाह कण कुठे बसतील ते ठरवतो, तोच प्रवाह अळ्या कुठे बसतील ते ठरवतो, आणि तोच अन्न किती येईल तेही. वाळू आणि तिसऱ्या एकाच जागी सापडतात कारण दोघांना एकाच प्रवाहाने तिथे आणलंय. त्यामुळे @खाजणवाट, तुमच्या यादीत प्रवाह मोजलेला नसेल तर बाकीचं गणित लंगडं. महागडा मीटर नको. प्लास्टरचे सारख्या वजनाचे गोळे तळाशी खिळवून एक-दोन भरत्यांनंतर किती झिजले ते वजन करा, जागांची आपसात तुलना होते. पाण्याचं तापमान आणि क्षारता सारखी असेल तरच, कारण प्लास्टरचं विरघळणं त्यावरही चालतं.

खेकडाप्रेमी

साठा आणि पुरवठा यात गल्लत होतेय असं वाटतं. गाळात अन्न कमी सापडलं, याचा अर्थ ते येत नाही असा नाही. येतं आणि लगेच खाल्लं जातं. संध्याकाळी कोळणीची रिकामी पाटी बघून 'आज मासळी आलीच नाही' म्हणण्यातला प्रकार.

डोटिल्ला खेकड्यांचं बघा. पुळणीवर वाळूच्या बारीक गोळ्यांची किरणांसारखी नक्षी असते ती यांची. ओहोटीला वाळूतलं पाणी जरा निथळलं की बिळातून वर येतात. दोन्ही नांग्यांनी वरचा पातळ थर उचलून तोंडात, कल्ल्यांच्या पोकळीतलं पाणी तोंडाच्या भागात सोडतात, हलकी शैवालं आणि कुजका चुरा वर तरंगतो तो गिळतात, जड वाळू खाली साचते तिची गोळी करून बाजूला टाकतात. बिळापासून बाहेरच्या दिशेला एक पट्टी खात जातात, परत येऊन शेजारची पट्टी धरतात. टाकलेली गोळी पुन्हा खात नाहीत. पाणी संपत आलं की ओल्या वाळूवर बुड टेकून पुन्हा भरून घेतात. फार कोरडी वाळू असेल तर खाणंच बंद, मग तिथे अन्न कितीही असो.

आता याच जागेवर सिरिंज खुपसा. गोळ्यांमधलं क्लोरोफिल आणि अजून न खाल्लेल्या पट्टीतलं, दोन्ही वेगवेगळं काढा. हा फरक म्हणजे एका ओहोटीतली चराई. पुढच्या भरतीला गोळ्या विरघळतात, नवा थर बसतो. दोन भरत्या रोज, म्हणजे पुरवठाही दोनदा.

फिडलरांचंही तसंच. वाळूवरच्या जातींच्या तोंडाजवळच्या केसांची टोकं चमच्यासारखी खोलगट, कणाला घासून शैवाल काढायला. चिखलातल्या जातींत तसे केस फार कमी. म्हणजे अन्न किती आहे यापेक्षा ते कोणत्या कणावर चिकटलंय आणि तुमच्या तोंडाला ते काढता येतं का, हा प्रश्न.

मोदकप्रिय

नर फिडलरची एक नांगी खायच्या कामाची नसते ना? अर्धपोटी राहत असतील बिचारे.

खेकडाप्रेमी

एकाच नांगीने झपझप खातात, जास्त वेळही खातात. मोठी नांगी दाखवण्यात आणि भांडण्यात जाते.

ठाणेखाडी

पुरवठा जास्त झाला की काय होतं तेही लिहायला हवं. पीअरसन आणि रोझेनबर्ग यांची १९७८ ची मांडणी: सेंद्रिय भर वाढली की आधी जाती आणि वजन दोन्ही वाढतात, मग मोठे, खोल राहणारे प्राणी जातात, छोट्या सोशिक किड्यांची प्रचंड गर्दी होते, शेवटी काहीच उरत नाही. त्या गर्दीच्या टप्प्यावर संख्या मोजली तर 'अन्न जास्त, प्राणी जास्त' हे सिद्ध झाल्यासारखं दिसतं! वजन आणि जातींची संख्या शेजारी ठेवली की खरं कळतं.

हातातली खूण: पारदर्शक नळीचा कोअर घ्या आणि पिवळट-तपकिरी थर संपून काळा कुठे सुरू होतो ते पट्टीने मोजा. काळा म्हणजे लोहाचं सल्फाइड, तिथे ऑक्सिजन संपलेला. जाड वाळूत ही रेघ खूप खाली असते, चिखलात काही मिलिमीटरवर. मोजायला जेमतेम मिनिट लागतं, तरी अहवालात ती क्वचित दिसते.

सुकटबोंबील

मग ठाणे खाडीत फ्लेमिंगो कशावर जगतात? एवढी घाण तिथे.

ठाणेखाडी

धाकटा रोहित चोचीतल्या गाळणीने सूक्ष्म शैवालं गाळतो, म्हणजे वर चर्चा चाललेला थर आणि पाण्यातलं शैवाल. मोठा रोहित त्यासोबत तळातले छोटे प्राणीही खातो. सांडपाण्याच्या नायट्रोजन-फॉस्फरसने शैवाल वाढतं, ही त्यातली गोम. २०१५ मध्ये अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत आलं. त्यावरून खाडीतलं पाणी चांगलं आहे असा निष्कर्ष काढू नये.

पाटावरवंटा

अवांतर: पावसाळ्याच्या तोंडाला तिसऱ्या आत रिकाम्या का लागतात? आणि वाळू निघत नाही त्याला उपाय?

चाळणीवाली

तितकं अवांतर नाही. मांस कमी होण्याची दोन कारणं असतात: अंडी-शुक्र सोडल्यावर वजन उतरतं, आणि अन्नाचा दर्जा घसरतो. पाणी गढूळ झालं की कण भरपूर, पण त्यात शैवाल कमी आणि माती जास्त. शिंपा ही माती चिकट द्रव्यात गुंडाळून न गिळताच बाहेर टाकते. गाळण्यात आणि टाकण्यात शक्ती खर्च, पोटात थोडंच. क्षारता फार उतरली तर शिंपा मिटून बसते, मग खाणंच नाही. मोजायचं तर वाळवलेल्या मांसाचं वजन भागिले वाळवलेल्या शिंपल्याचं वजन गुणिले १००. दर महिन्याला एकाच आकाराच्या २०-२५ घ्या. गाळून खाणाऱ्यांसाठी पुरवठ्याचा हा सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार, अंडी घालण्याचा काळ तेवढा वेगळा ओळखता आला पाहिजे. काळबादेवी खाडीतल्या कॅटेलिशिया ओपिमा या शिंपेवर १९७० च्या दशकात मराठवाडा विद्यापीठातल्या संशोधकांनी वाढ आणि प्रजननाचं काम केलंय, ते या दृष्टीने बघण्यासारखं.

वाळूसाठी: नळाच्या पाण्यात ठेवू नका, मिटून बसतात आणि वाळू आतच. लिटरला ३० ग्रॅम मीठ, पसरट परात, पाणी जेमतेम शिंपा बुडतील इतकंच, खाली रोवळी किंवा जाळी म्हणजे टाकलेली वाळू पुन्हा ओढणार नाहीत. अंधारात तीन-चार तास. एकावर एक ढीग केला तर खालच्या उघडत नाहीत. सांडपाण्याजवळच्या तिसऱ्यांतले जड धातू किंवा विषाणू मात्र याने जात नाहीत.

पाटावरवंटा

धन्यवाद ताई. नळाचं पाणी, हेच कारण दिसतंय.

खाजणवाट

सगळं वाचतोय. मूळ प्रश्नाकडे येऊ: एक पुळण, पाण्याच्या रेषेपासून वर तीन पातळ्या, मर्यादित खर्च. अन्नाचा परिणाम दाखवायचा तर काय काय करायचं?

उलटा प्रवाह

पातळ्या म्हटल्यावर आधी भरतीची उंची. वरच्या पातळीवरची शिंपा दिवसातून कमी तास पाण्याखाली, म्हणून तिला जेवायला वेळ कमी. शेजारून तेच पाणी वाहत असलं तरी पुरवठा निम्मा असू शकतो. तिची वाढ मंद दिसली तर तो वेळेचा परिणाम. म्हणून एकाच उंचीवरच्या जागांची तुलना करा, उंची पारदर्शक पाण्याच्या नळीने साधा. उधाणाच्या ओहोटीला एकदा, भांगाच्या ओहोटीला एकदा.

पाण्याचा नमुना तळापासून ५ सेंटिमीटर वरून घ्या. दाट पट्ट्यावर शिंपा स्वतःच तळालगतचं पाणी निवळून टाकतात. वरून बादली भरून घेतलं तर हा उपास दिसणारच नाही. त्यातलं क्लोरोफिल भागिले एकूण तरंगते कण, हा दर्जा.

चाळणीवाली

प्राण्यांसाठी १० सेंटिमीटर आतल्या व्यासाचा पीव्हीसी पाइप, २० सेंटिमीटर खोल. क्षेत्र ७८.५ चौ. सेंमी, म्हणजे एक प्राणी म्हणजे चौरस मीटरला १२७. एका कोअरवर हा गुणाकार केला की बारीकशी चूक हत्ती होते, म्हणून जागेला निदान पाच कोअर. मोठ्या शिंपांसाठी २५ गुणिले २५ सेंमीची चौकट वेगळी, तिथे गुणक १६. चाळणी ०.५ मिमी. १ मिमी घेतली तर नुकतीच बसलेली पिल्लं आणि निम्मे पॉलिकीट वाहून जातात, आणि मग तुम्ही फक्त वाचलेल्यांवर बोलताय.

फॉर्मलिनमध्ये टाकण्याआधी मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये (लिटरला ७३ ग्रॅम, सहा पाण्याच्या रेणूंचं) दहा-पंधरा मिनिटं. नाहीतर पॉलिकीट आक्रसून तुकडे होतात आणि डोकी मोजत बसावं लागतं. मग एक भाग बाजारी फॉर्मलिन, नऊ भाग समुद्राचं पाणी, वर बोरॅक्स. बोरॅक्स नसेल तर आम्लता वाढून पिल्लांचे शिंपले विरघळतात.

खेकडाप्रेमी

आणि पिंजरा लावा, त्याशिवाय कार्यकारण नाही. ६ मिमी जाळीचा, अर्धा मीटर चौरस, कडा १५ सेंटिमीटर जमिनीत. खेकडे-मासे बाहेर ठेवले की शैवाल आणि प्राणी वाढतात का ते बघायचं. सोबत छत असलेला पण दोन बाजू उघड्या असा अर्धा पिंजरा हवाच. कारण जाळी प्रवाह अडवते, आत चिखल साचतो, आणि तुम्ही चिखलाचा परिणाम 'भक्षक नसल्याचा' म्हणून लिहून बसता. जाळीवर शेवाळ चढलं की आणखी सावली, दर दोन-तीन दिवसांनी ब्रशने घासा.

गाळसाळ

कार्बनची टक्केवारीही मोजा, टाकून देऊ नका. पण चिखलाच्या टक्क्यांवर आधी रेषा बसवा आणि त्या रेषेच्या वर-खाली किती उरतो तेवढाच प्राण्यांशी ताडून बघा. बहुतेक ठिकाणी फार थोडं उरतं.

तापट

नऊ जागा आणि बारा घटक घेऊन सहसंबंधांचा तक्ता छापणाऱ्यांनाही कुणीतरी सांगा. तसे ६६ सहसंबंध होतात, तीनेक निव्वळ योगायोगाने 'लक्षणीय' निघणार.

खाजणवाट

तर ठरलं: गट वेगळे, वरच्या ५ मिमीचं क्लोरोफिल, तळालगतचं पाणी, प्लास्टरचे गोळे, काळी रेघ, तिसऱ्यांचा मांसाचा निर्देशांक, आणि अर्ध्या पिंजऱ्यासह पिंजरे. नोव्हेंबरपासून. क्लोरोफिलच्या नळ्यांचं एक विचारायचं राहिलं. पारदर्शक प्लास्टिकच्या, झाकणवाल्या स्वस्त मिळतात, त्या चालतील?

हिरवट थर

कोणतं प्लास्टिक ते बघा. काचेसारख्या स्वच्छ, दाबल्यावर तडकणाऱ्या असतील तर पॉलिस्टायरीन, ते अॅसिटोनमध्ये विरघळतं. दुधाळ, लवचिक पॉलिप्रोपिलीनच्या चालतात, फॉइल गुंडाळून. वाचनाच्या वेळी डिस्पोजेबल क्युव्हेटचाही तोच घोळ, काचेची घ्या.